मेंढी काळी असते, बाई! लहान मुलांना मेंढपाळी आणि लोकर शिकवायची तर

पहिलीच्या वर्गात मुलांना मेंढी काढायला सांगा. तीसपैकी अठ्ठावीस जण पांढरा ढग काढतील आणि त्याला चार काड्या लावतील. मग लोकर कुठून येते ते विचारा. ‘स्टेशनरीच्या दुकानातून’ हे उत्तर हमखास येतं, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही. दुकानात ‘लोकर’ म्हणून गुलाबी-पिवळ्या रंगांचे जे गुंडे मिळतात, ते बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. त्यांचा मेंढीशी काहीही संबंध नसतो. म्हणजे मुलाने आयुष्यात हाताळलेली पहिली लोकर ही लोकर नसतेच.

मी चार ते आठ वर्षांच्या मुलांसोबत हा विषय बरीच वर्षं करते आहे. बालवाडीच्या ताई, प्राथमिकचे शिक्षक किंवा सुट्टीत मुलांना काहीतरी खरं दाखवू पाहणारे आईबाबा हे पहिल्यांदाच करणार असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यासाठी न्यूझीलंडची चित्रं लागत नाहीत. साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे आटपाडी-जत, सोलापूरचं सांगोला, नगरचं पारनेर ही सगळी मेंढरांची मुलखं आहेत. तिथली दख्खनी मेंढी बहुतांशी काळी असते. कमी पाण्यात, निकृष्ट चाऱ्यावर, रोज मैलोन्‌मैल चालून जगणारं हे जनावर आहे. सुरुवात तिच्यापासूनच करा.

पहिली पायरी: बोलण्याआधी हातात पुंजका द्या

कच्ची लोकर मिळवा. धुतलेली, पिंजलेली नको, मेंढीच्या अंगावरून जशी उतरली तशीच हवी. गावाकडे कुणाच्या ओळखीत मेंढपाळ असतोच. अर्धा किलो लोकर वीस मुलांना पुरून उरते. ते फुकट देऊ लागतील, तरी पैसे द्या. का ते पुढे येईल.

मुलांना गोल बसवा, डोळे मिटायला सांगा आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर लोकर ठेवा. काही सांगू नका. ‘टोचतंय’, ‘चिकट आहे’, ‘आजोबांच्या दाढीसारखं’, ‘वास येतोय’ असं सगळं येऊ द्या. वास येतोच आणि काही मुलं नाक मुरडतात. त्यांना गप्प करू नका. तो वास घामाचा, मातीचा आणि लोकरीतल्या मेणचट चिकटपणाचा असतो, आणि तो चिकटपणा आपल्याला पुढे कामाला येणार आहे. पुंजक्यात कुसळं आणि गोखरूचे काटे सापडतात. ते मुलांनाच वेचून कागदावर चिकटवू द्या. मेंढी कुठल्या रानात हिंडून आली याचा तो नकाशाच असतो.

डोळे उघडल्यावर रंग विचारा. काळा, करडा, तांबूस तपकिरी. ‘हा रंग कुणी दिला?’ कुणीच नाही, मेंढीचाच आहे. काळ्या घोंगडीला रंग द्यावा लागत नाही, हे मुलांना फार आवडतं. या दिवशी एवढंच पुरे.

दुसरी पायरी: मेंढी नीट ओळखणं

शहरातल्याच काय, गावातल्या मुलांचाही शेळी-मेंढीत घोळ होतो. तीन खुणा सांगा. शेळीची शेपटी वर उचललेली असते, मेंढीची खाली लोंबते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून झुडपाचा पाला ओरबाडते, मेंढी मान खाली घालून गवत चरते. आणि शेळीच्या अंगावर केस असतात, मेंढीच्या अंगावर लोकर.

शब्द इथेच द्या: मेंढी, मेंढा, कोकरू, कळप. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या दातांनी ती गवत वरच्या टणक हिरडीवर दाबून तोडते. मुलांना वरचे दात ओठांनी झाकून पोळी तोडायला सांगा, लगेच कळतं. पहिली-दुसरीत निम्म्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात, त्यांना तर मेंढी लगेच आपली वाटते. दातांवरून मेंढपाळ वयही सांगतात: दुधाचे दात, दोन दाती, चार दाती. जमिनीवर बसून रवंथ करणं, पाच महिने पोटात राहून कोकरू जन्माला येणं, तासाभरात त्याने धडपडत उभं राहणं, एवढं लहानांना पुष्कळ होतं.

थोड्या मोठ्या मुलांना सांगता येईल की सगळ्या मेंढ्या लोकरीसाठी नसतात. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके असलेली असते. तिच्या अंगावर लोकर फारशी नसते, ती मांसासाठी पाळतात. दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या जुळी देणाऱ्या छोट्या मेंढीच्या वंशाचा उपयोग करून ‘नारी सुवर्णा’ हा जुळ्यांचा वाण तयार केला. मुलांना यातला फक्त ‘जुळी’ हा शब्द लक्षात राहतो, तेवढा पुरे.

तिसरी पायरी: वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर जाणं

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. चूकही इथेच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी चाळीस मुलं घेऊन, आधी न सांगता, रस्त्यालगतच्या एका कळपापाशी गेले होते. मुलं आनंदाने ओरडत धावली. कळप उधळला आणि दोन शेतांपलीकडच्या उभ्या ज्वारीत शिरला. मेंढपाळाला मेंढरं गोळा करायला दुपार झाली, वर शेतकऱ्याची बोलणी त्यालाच खावी लागली. त्या माणसाचं नुकसान माझ्यामुळे झालं. तेव्हापासून हे नियम मी कधी मोडत नाही.

आदल्या दिवशी एकटं जाऊन भेटा. ‘मामा, उद्या मुलं आणली तर चालतील का, किती वाजता आणू?’ असं विचारा. सकाळी मेंढरं चरायला निघण्यापूर्वी किंवा संध्याकाळी परतताना, अशा दोनच वेळा बऱ्या. एका वेळी बारा-पंधरा मुलं पुष्कळ झाली. कळपाजवळ धावायचं नाही, उकिडवं बसायचं आणि मेंढीला आपल्याकडे येऊ द्यायचं. मेंढीला मान न वळवता जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं दिसत नाही, म्हणून मागून जायचं नाही. मेंढ्याच्या समोर उभं राहायचं नाही, आणि त्याचं कपाळ गंमत म्हणूनही ढकलायचं नाही, कारण तो त्याला टकरीचं आमंत्रण समजतो. कुत्र्यांना हात लावायचा तर मालकाला विचारूनच. नुकत्याच व्यालेल्या मेंढीजवळ मुलांना नेऊ नका. परत निघताना सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते पाहायचं. ही सूचना पालकांना चिठ्ठीतच द्या.

कधी जायचं? पावसाळ्यात मेंढपाळ आपल्या माळावरच्या गावी असतात. दसरा-दिवाळीनंतर चाऱ्यासाठी बाहेर पडतात, कितीतरी वाडे घाट उतरून कोकणातही जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कोकणातला मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून पुणे-सातारा भागात दिवाळीनंतर आणि कोकणात भातं कापून झाल्यावर उन्हाळ्यापर्यंत वाडे दिसतात. वाडा म्हणजे दगडी चिरेबंदी घर नव्हे, एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ. मुलांना हे आवर्जून सांगा, नाहीतर ती शनिवारवाडा शोधत बसतात. घोड्यावर लादलेला सगळा संसार, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, भांडी आणि कधीकधी वर बसवलेलं मूल. मेंढरांना रात्री कोंडायला जाळीची वाघर असते. लांडगा खराच असतो, गोष्टीतला नव्हे, आणि त्यासाठी रात्रभर जागं राहणारी माणसं आणि कुत्रीही असतात.

शक्य झालं तर संध्याकाळचीच वेळ साधा. दिवसभर कोकरं तळावर राहिलेली असतात. कळप दिसू लागला की कोकरं ओरडायला लागतात, तिकडून आया ओरडत येतात, आणि पाच-दहा मिनिटं कानात दुसरं काही शिरत नाही. मग एकेक मेंढी एकेका कोकराचा वास घेते, नको त्याला डोक्याने बाजूला सारते, आपलं सापडलं की थांबते. कोकरू गुडघे टेकून लुचायला लागतं आणि त्याची शेपटी थरथरते. ओरडा हळूहळू विरतो. माझ्या वर्गातली एक सहा वर्षांची मुलगी हे पाहून नुसती म्हणाली, ‘शाळा सुटली.’

तिथेच एका मुलाने विचारलं होतं, ‘मामा, तुम्हाला सगळ्या सारख्याच दिसत नाहीत?’ मामा म्हणाले, ‘तुझ्या बाईंना तुमी सगळी पोरं सारखीच दिसता व्हय?’

शेतकऱ्याशीही मुलांची गाठ घालून द्या. पीक निघालेल्या रानात शेतकरी मेंढरं ‘बसवून’ घेतात. रात्रभर पडलेल्या लेंड्या आणि मूत यांचं खत होतं, त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. लेंडी हा शब्द ऐकून वर्ग पाच मिनिटं हसतो, हसू द्या. वाळलेली लेंडी चुरून कुंडीत घाला, शेजारी बिनखताची कुंडी ठेवा, दोन्हींत मेथी पेरा. दोन आठवड्यांत मुलं स्वतःच बोलायला लागतात.

कळपापर्यंत पोचणं जमत नसेल, तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडी, रांजणी, महूद, पडेगाव अशा ठिकाणी आहेत. आधी पत्र देऊन परवानगी मागा.

चौथी पायरी: कातरणी आणि ‘तिला दुखतं का?’

हा प्रश्न येणारच. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. आधी ओढ्यात किंवा नदीत मेंढरं धुतात, मग पाय बांधून आडवं घालून मोठ्या कातरीने लोकर उतरवतात. पाय बांधलेले पाहून मुलं घाबरतात. त्यांना सांगा की न्हाव्याकडे तू हललास तर कान कापला जाईल म्हणून तुझं डोकं धरतात, तसंच हे. कातरताना कधी कातडीला ओरखडा बसतो, हेही लपवू नका.

माझ्या हाती लागलेला इथला सगळ्यांत चांगला शब्द म्हणजे जावळ. कोकराच्या अंगावरून पहिल्यांदा कातरलेल्या लोकरीला जावळच म्हणतात. ती सगळ्यांत मऊ असते आणि जावळाच्या घोंगडीला मोठा मान असतो. वर्गात जवळजवळ प्रत्येकाचं जावळ काढलेलं असतं आणि घरी त्याचा फोटो असतो. ते फोटो मागवा आणि भिंतीवर कोकराच्या चित्राशेजारी लावा. त्यानंतर ‘दुखतं का’ हा प्रश्न पुन्हा कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुसरा प्रश्न मांसाचा. मेंढपाळाचं पोट आज मुख्यतः मेंढ्या विकण्यावर चालतं, लोकरीवर नाही, आणि विकलेली जनावरं बहुतेक मांसासाठी जातात. मूल विचारेल तेव्हा एका वाक्यात खरं सांगा आणि थांबा. काही घरांत मटण खातात, काहींत नाही, दोन्ही मुलं वर्गात बसलेली आहेत. न विचारता हा विषय काढू नका, आणि विचारल्यावर ‘त्या म्हाताऱ्या होईपर्यंत रानात फिरतात’ असं खोटं सांगू नका. मुलाला आज ना उद्या ते कळतंच, आणि मग तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

पाचवी पायरी: तीन छोटे प्रयोग

पाण्याचा थेंब: न धुतलेल्या लोकरीवर ड्रॉपरने एक थेंब टाका. तो मोत्यासारखा वर बसून राहतो. धुतलेल्या लोकरीवर टाकलेला हळूहळू आत शिरतो. मेणचटपणाचा उपयोग इथे कळतो. मग जाड घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मुलांना ‘पावसात’ उभं करा आणि झारीने पाणी शिंपडा.

बर्फ: दोन वाट्यांत सारख्या आकाराचे बर्फाचे खडे ठेवा. एक वाटी घोंगडीच्या तुकड्यात पूर्ण गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. कुठला बर्फ आधी वितळेल, हात वर करा. बहुतेक हात घोंगडीच्या बाजूने वर जातात, कारण ‘घोंगडी गरम असते’. अर्ध्या तासाने उघडून पाहा. गुंडाळलेला खडा मोठा राहिलेला असतो. घोंगडी ऊब तयार करत नाही, तिच्या तंतूंत हवा अडकते आणि ती हवा आतली ऊब बाहेर आणि बाहेरची ऊब आत जाऊ देत नाही. थंडीत पांघरलेली घोंगडी माणूस उन्हातही खांद्यावर का टाकतो, हे मोठ्या मुलांना इथे उलगडतं.

जाळून पाहणं: हा प्रयोग फक्त मोठ्यांनी करायचा, मुलांनी चार हात लांब बसून पाहायचा. स्टीलची ताटली, चिमटा, शेजारी पाणी. खऱ्या लोकरीचा धागा ज्योतीत धरला की चुरचुरतो, केस जळल्याचा वास येतो, ज्योतीबाहेर काढला की बहुधा विझतो आणि राख बोटांत चुरगळते. दुकानातला अॅक्रिलिकचा धागा वितळतो आणि टणक काळा मणी होतो. स्टेशनरीच्या लोकरीचं उत्तर इथे मिळतं.

सहावी पायरी: धागा आणि माग

लोकर धुवायची तर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका, गरमातून एकदम गार पाण्यात घालू नका, नाहीतर तिचा गोळा होतो. तीन-चार पाणी बदलून सावलीत वाळवा. मग बोटांनी विंचरून मोकळी करा. सणगर आणि खुटेकर धनगर ही पिढीजात घोंगडी विणणारी माणसं. त्यांच्याकडे लोकर पिंजून, चरख्यावर सूत काढून, ताण्याला, म्हणजे मागावर ताणायच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ कुंच्याने लावतात आणि मग खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. चिंचोके मुलं खेळायला वापरतात, त्यामुळे ही खळ त्यांना लगेच पटते. वर्गात चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटून शिजवा. दोन सारखे धागे घ्या, एकाला खळ लावून वाळवा, आणि दोन्ही ओढून पाहू द्या.

सूत काढायला चरखा लागत नाही. एका मुलाने पुंजक्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने तो हलके ओढत एकाच दिशेने पीळ द्यायचा. ओढ जास्त झाली तर तुटतो, पीळ कमी झाला तर सुटतो. पहिले चार-पाच धागे तुटतात आणि मुलं चिडतात. तुम्ही मध्ये पडू नका. वीतभर धागा झाला की मूल तो मनगटाला बांधून घरी नेतं, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरही तो तिथेच असतो.

मागासाठी पुठ्ठा घ्या, वर-खाली अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा आणि सुती दोरा ताणून बसवा. हा झाला ताणा. बोथट दाभणात लोकरीचा धागा ओवून एकाखालून, एकावरून. पाच वर्षांच्या मुलाला आठ ताण्यांपेक्षा जास्त देऊ नका. कडा आत ओढल्या जातात, डमरूसारखा तुकडा होतो. होऊ द्या, पण धागा ओढून घट्ट करू नका एवढं एकदा दाखवा.

याच सुमारास हिशेब घाला. एका मेंढीची एका वेळी साधारण पाव किलो, कधी थोडी जास्त लोकर निघते. एका घोंगडीला दोन-अडीच किलो लागते. मग किती मेंढ्या? दहा मुलांना मेंढ्या करून उभं करा आणि अकराव्याच्या अंगावर एक घोंगडी घाला. हे चित्र गुणाकारापेक्षा जास्त काळ टिकतं. वीतभर धाग्याला किती वेळ लागला, हे मुलांना आठवत असतंच. त्यामुळे हाताने केलेली घोंगडी स्वस्त का नसावी, हे त्यांना समजावून द्यावं लागत नाही. आणि तरी या जाड लोकरीला आज इतका कमी भाव मिळतो की पुष्कळदा कातरणीचा खर्चही निघत नाही. मेंढपाळ ती टाकून देतात. म्हणून सुरुवातीला म्हटलं, पैसे देऊन घ्या. मुलांच्या हातून द्या, आणि मामांना त्या पैशांचं काय येईल, हे त्यांनाच विचारू द्या.

सगळं एका आठवड्यात कोंबू नका. दिवाळीनंतर सुरू करून संक्रांतीपर्यंत चालू द्या, आठवड्यातून एक तास पुरतो. उरलेली लोकर कोरड्या डब्यात कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा उन्हात टाका. नाहीतर कसर लागते, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी हातावर ठेवायला काही उरत नाही.